कपडेपटांतील चित्रकर्ती

आमच्या जुन्या नाटकमंडळ्यांत 'कपडेपट' नांवाचें एक खातें असे. गांवोगांव फिरणाऱ्या त्या बिऱ्हाडांत पडदे, पेट्या आणि तबले यांच्याबरोबर कपडेपटाच्या ट्रंकाहि चालत. त्यांत शालू, शेले, अंगरखे, जिरेटोप, कमरपट्टे असा सारा संसार कोंबलेला असे. नाटक पौराणिक असो कीं ऐतिहासिक, ट्रंक एकच. काल जो शेला रामाच्या खांद्यावर होता तोच आज एखाद्या पेशव्याच्या खांद्यावर चढे, आणि प्रेक्षकहि त्याबद्दल तक्रार करीत नसत. कपडेपट सांभाळणाऱ्या गृहस्थाचें नांव हस्तपत्रिकेंत छापण्याची चाल नव्हती. पुढें चित्रपटांनीं हा शब्द नाटकाकडून उचलला, आणि चित्रीकरणाच्या जागीं तो आजहि कानांवर पडतो. शब्द टिकला तसा त्यामागचा समजहि टिकला: वस्त्रें ही सांभाळण्याची वस्तु आहे, विचार करण्याची नव्हे.

हा समज ज्यांनीं आपल्या हातानें मोडला त्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच पुढें सर्वांस ठाऊक झालेल्या भानु अथैया, यांचें नांव निघालें कीं आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते. ११ एप्रिल १९८३ रोजीं लॉस एंजेलिस येथें 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल त्यांस जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. गोष्ट खरी आहे. परंतु तिच्यापाशींच थांबल्यामुळें भानुबाईंच्या कामाची परीक्षा करण्याचें आपण टाळलें, असें आम्हांस वाटतें. पारितोषिकाचा अभिमान बाळगण्यास कांहीं खर्च पडत नाहीं. एका चित्रकर्तीनें कापडावर काय केलें, तें कोठें साधलें आणि कोठें फसलें, हें पाहण्यास मात्र चित्रपट पुन्हां पाहावे लागतात, आणि तेहि नटीच्या चेहऱ्यावरून नजर काढून.

भानुबाईंचा जन्म २८ एप्रिल १९२९ रोजीं कोल्हापुरांत झाला. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हे चित्रकार व छायाचित्रकार होते, आणि बाबुराव पेंटर यांच्याशीं त्यांचा कामाचा संबंध होता. ही बाब आम्ही महत्त्वाची मानतों. बाबुराव पेंटर मुळांत पडदे रंगविणारे. त्यांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 'सैरंध्री' (१९२०), 'सावकारी पाश' (१९२५) यांसारखे चित्रपट केले, तेव्हां देखावा, उजेड आणि पोषाख हीं तीन निरनिराळीं खातीं नसून एकाच चित्राचे तीन भाग आहेत, ही दृष्टि त्यांनीं आणली. ज्या गांवांत ही दृष्टि हवेंत होती त्या गांवांत भानुबाई वाढल्या. वडील त्यांच्या बालपणींच वारले. मागें आई आणि सात मुलें. चित्रकलेचें शिक्षण घेण्यासाठीं मुलगी मुंबईस आली आणि सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाली. तेथें तिनें सुवर्णपदक मिळविलें. १९४७ सालीं स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपनें, म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या मंडळींच्या संघानें, १९५३ सालीं भरविलेल्या प्रदर्शनांत तिचीं चित्रें मांडलीं गेलीं. त्या प्रदर्शनांत ती एकटीच स्त्री होती.

याच सुमारास 'ईव्ह्ज वीकली' या स्त्रियांच्या साप्ताहिकासाठीं त्या पोषाखांचीं रेखाटनें करीत. साप्ताहिकाच्या संपादिकेनें कपड्यांचें दुकान काढलें, आणि कागदावर काढतां तें कापडावर करून पाहा, असें सुचविलें. दुकानांत नट्या येऊं लागल्या. कामिनी कौशल आल्या, नर्गिस आल्या. तेथून राज कपूर यांचा 'श्री ४२०' (१९५५), गुरुदत्त यांच्या संस्थेचा 'सी. आय. डी.' (१९५६), मग 'प्यासा', 'कागज के फूल', 'चौदहवीं का चांद' असा क्रम लागला, आणि एकंदर चित्रपटांची संख्या शंभराच्या पुढें गेली.

आमच्या ओळखीचे एक वयोवृद्ध चित्रकार या वळणाविषयीं बोलतांना नेहमीं हळहळत: "चांगली चित्रकर्ती शिंपिणींत गेली!" हें वाक्य आम्हीं तरुणपणीं ऐकलें तेव्हां मान डोलावली होती. आतां तसें करवत नाहीं. त्यांत दोन गृहीतें दडलेलीं आहेत. एक असें कीं, चौकटींत लावलेलें तें कला आणि अंगावर घातलेलें तें काम. दुसरें असें कीं, एका विधवेच्या मुलीनें मिळवितें होण्याची गरज असतांना कलेसाठीं उपाशी राहावयास हवें होतें. पहिलें गृहीत चुकीचें आहे हें दाखवितां येतें. दुसऱ्यास उत्तर देण्याची आम्हांस इच्छा नाहीं.

पहिल्याकडे वळूं. 'श्री ४२०' मध्यें नादिरा यांची माया पार्टींत गात येते तेव्हां तिच्या अंगावरचा अंगासरशी, पायाशीं पसरणारा गाऊन पाहावा. कृष्णधवल पडद्यावर रंग नाहीं, मग उरतें काय? केवळ बाह्यरेषा. माया म्हणजे एक लांब, वळणारी रेषा आहे. आणि त्याच चित्रपटांतील विद्या, सुती साडींतील शिक्षिका, म्हणजे घड्या आणि निऱ्या. संवाद सुरूं होण्यापूर्वींच नायकासमोरच्या दोन वाटा रेखाटून झालेल्या असतात. हें शिंपीकाम नव्हे, जे. जे. मध्यें कोळशानें देहाकृति काढून तयार झालेल्या हाताचें हें काम आहे.

याहून खोल उदाहरण 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) याचें. मीनाकुमारी यांची छोटी बहू जमीनदाराच्या वाड्यांतील उपेक्षित पत्नी. तिची भरजरी साडी, कपाळावरील कुंकू, कानांगळ्यांतील दागिने हीं तिच्या वैभवाचीं चिन्हें म्हणून आपण प्रथम पाहतों. हळूहळू ध्यानांत येतें कीं ती जितकी सजते तितकी एकटी पडते. नवऱ्यासाठीं केलेली सजावट पाहणारा नवरा घरांत नसतो. मग ती सजावट तिच्या अंगावर एखाद्या ओझ्यासारखी राहते. दागिना काढून टाकून दुःख दाखविणें सोपें आहे, सगळेच तसें करतात. दागिना वाढवून दुःख दाखविणें यास धारिष्ट लागतें.

आतां 'फॅशन' म्हणून जें ओळखलें जातें त्याविषयीं. मराठी मध्यम वर्गास हा प्रकार चित्रपटांनीं शिकविला असें समजणें चूक आहे. बालगंधर्व स्त्रीभूमिकेंत जी साडी नेसत, जशी नथ घालीत, तशी पुण्यामुंबईच्या स्त्रिया घरीं करूं लागल्या, हें आपल्या आजीपणजींनीं सांगितलेलें आहे. पुरुषानें स्त्रियांस नेसणें शिकविण्याचा तो चमत्कारिक काळ. भानुबाईंच्या काळांत हें काम रंगभूमीकडून पडद्याकडे गेलें. 'वक्त' (१९६५) मध्यें साधना यांच्यासाठीं त्यांनीं घट्ट चुडीदार आणि अंगाबरोबर बसणारा कुर्ता योजला. ढगळ सलवार-कमीज मागें पडून हा आकार देशभर पसरला.

आमच्या घरीं एक छायाचित्र आहे. दादरला राहणारी आमची मावशी, वय वीसबावीस, गच्चीवर उभी, अंगांत हाच पोषाख. आमच्याकडे त्यास 'पंजाबी ड्रेस' म्हणत, आणि परकर-पोलक्यांतून मुलगी थेट साडींत जावी अशी रीति असल्यानें मधल्या या वस्त्रास घरांत जागाच नव्हती. मावशीनें 'वक्त'ची जाहिरात शिंप्यापुढें धरून टक कोठें घालावयाचे तें त्यास समजावून दिलें होतें, असें ती सांगे. आजोबांनीं आठ दिवस अबोला धरला. मग एके दिवशीं लोकलच्या गर्दींतून ती धांवत चढूं शकते, निऱ्या सांभाळाव्या लागत नाहींत, हें त्यांच्या लक्षांत आलें, आणि अबोला सुटला. मुंबईंत नोकरीस निघालेल्या मुलींच्या पिढीस या पोषाखानें केवळ रूप दिलें नाहीं, पाऊल टाकण्यास मोकळीक दिली. अर्थात् हा हेतु भानुबाईंच्या मनांत होता असें आमचें म्हणणें नाहीं. त्या एका नटीसाठीं एक पोषाख करीत होत्या.

'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताज यांची नारिंगी साडी हें असेंच एक प्रकरण. निऱ्या शिवून, बाजूस चेन लावून केलेली ती साडी नाचतांना जागची हलत नाहीं. साडी ही न शिवलेली असते हाच तिचा धर्म. तो मोडूनहि ती साडीच दिसावी, ही करामत. आज गुढीपाडव्यास गिरगांवांतील शोभायात्रेंत मोटारसायकलीवर बसून जाणाऱ्या मुली जी शिवलेली नऊवारी घालतात, ती दादरच्या दुकानांत तयार मिळते. तिचें सारें श्रेय भानुबाईंस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. पण ती कल्पना लोकांच्या डोळ्यांस पहिल्यानें सवयीची कोणी केली, हें विसरूं नये.

स्तुति येथवर. 'आम्रपाली' (१९६६) विषयीं आमचें मत थोडें मिश्र आहे. त्यासाठीं भानुबाईंनीं अजिंठ्यास जाऊन भित्तिचित्रांचा अभ्यास केला, आणि वैजयंतीमाला यांचीं अंतरीय-उत्तरीय त्यांतून सिद्ध झालीं. वेषाची अशी शोधपूर्वक सिद्धता हिंदी पडद्यास अपूर्व होती. तथापि अजिंठ्याच्या चित्रांत वस्त्र इतकें विरळ आहे कीं तें आहे कीं नाहीं असा भास होतो; 'आम्रपाली'त तें नीट बेतलेलें, चापूनचोपून बसविलेलें आहे. भिंतीवरच्या स्त्रीच्या अंगावर वस्त्र ओघळतें, पडद्यावरच्या स्त्रीच्या अंगावर तें बसतें. दोष त्यांचा थोडा, कॅमेऱ्याचा व परिनिरीक्षण मंडळाचा अधिक. पण याच नमुन्यावर पुढें वर्षानुवर्षें प्रत्येक 'प्राचीन' नायिका बेतली गेली, आणि अजिंठा म्हणजे 'आम्रपाली'चा कंचुक अशी समजूत होऊन बसली. चांगल्या कामाचेंहि असें ओझें होतें.

'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) मात्र आम्हांस सरळ फसलेलें वाटतें. रूपा ही खेड्यांतील पुजाऱ्याची मुलगी, चेहऱ्याची एक बाजू भाजलेली, म्हणून पदरानें तोंड झाकणारी. अशा मुलीच्या अंगावरचें वस्त्र तिच्या लाजेचें, गरिबीचें, तिच्या हालचालींचें असावयास हवें. पडद्यावर दिसतें तें वस्त्र रूपाचें नाहीं. तिच्याकडे पाहणाऱ्या डोळ्याचें आहे. दिग्दर्शकाची आज्ञा तशी होती, हें उघड आहे. चित्रपटांतील वेषरचनाकार हा चौकटीचा स्वामी नसतो, चित्रकार असतो. भानुबाईंनीं एक मोबदला देऊन दुसरा घेतला, त्याची खूण या चित्रपटांत दिसते.

आणि मग चार वर्षांनीं 'गांधी' (१९८२). रिचर्ड अॅटनबरो यांच्या या चित्रपटांत पाश्चात्त्य पोषाखांची बाजू मुख्यतः मोलो यांनीं व भारतीय पोषाखांची भानुबाईंनीं सांभाळली. काम किती अवघड होतें याची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों कीं, ज्या पुरुषाचें चरित्र येथें दाखवावयाचें होतें त्यानें आपलें राजकारणच कपड्यांतून लिहिलें होतें. १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील आगगाडींत सूटबूट घातलेला बॅरिस्टर; ९ जानेवारी १९१५ रोजीं मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलेला, काठेवाडी अंगरखा व पागोटें घातलेला गृहस्थ; ३१ जुलै १९२१ रोजीं परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारांत परदेशी कापडाची होळी पेटविणारा पुढारी; आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मदुरेस पंचा नेसलेला फकीर. गांवदेवींतील मणिभवनांत ज्यांचें वर्षानुवर्षें येणेंजाणें होतें त्या गांधींस आमच्या मुंबईनें यांतील बहुतेक वेषांत प्रत्यक्ष पाहिलें होतें. अशा विषयांत चूक लपत नाहीं.

आमच्या मतें या चित्रपटांतील वेषभूषेचा कळस पंचा नव्हे. तो प्रसंग नदीकांठचा आहे. भारतभ्रमण करीत असतां गांधी पाण्याजवळ येतात. पलीकडे एक दरिद्री स्त्री फाटक्या वस्त्रांत आहे. गांधी आपलें पांढरें वस्त्र पाण्यांत सोडतात, तें वाहत तिच्याकडे जातें, ती तें उचलते. संवाद नाहीं. वस्त्र येथें पात्राच्या अंगावर नाहींच, दोन माणसांच्या मध्यें आहे. आणि तरी सबंध चित्रपटांत वस्त्रानें याहून अधिक कांहीं केलें असेल असें वाटत नाहीं. प्रसंग दिग्दर्शकाचा, यांत शंका नाहीं. पण तें कापड वाहतांना आपण तें ओळखतों, त्याचा भरडपणा, त्याचें वजन आपल्या परिचयाचें असतें, याचें कारण तोंवर प्रत्येक दृश्यांत खादी ही खादीसारखीच दिसलेली असते: चुरगळलेली, पुष्कळ वेळां धुतलेली, माणसांच्या अंगाला सरावलेली. रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांची साडी पाहावी. तींत नटीचा कोठें भास होत नाहीं. रोज सकाळीं तीच साडी वाळत घालणारी बाई दिसते. तीस वर्षें नायिकांस उठून दिसावें म्हणून सजविणाऱ्या हातानें शेवटीं वस्त्र अदृश्य केलें. आम्ही यास त्यांच्या कलेची परिणति समजतों, आणि पारितोषिक देणाऱ्या परकीयांना हें दिसलें याचें आम्हांस आजहि नवल वाटतें. कारण पारितोषिकें बहुधा भपक्याकडे जातात.

हें लिहीत असतां एक गोष्ट मनांत येते, ती विषयांतर होत असलें तरी सांगतों. हा चित्रपट १९८२ च्या नोव्हेंबरांत प्रदर्शित झाला. त्या वर्षीं १८ जानेवारीपासून मुंबईच्या कापड गिरण्यांत संप चालूं होता. लालबाग-परळचे सुमारें अडीच लक्ष कामगार घरीं बसले होते. पुढल्या वर्षीं आम्हीं, तेव्हां शाळकरी, वडिलांबरोबर हा चित्रपट पाहिला. परदेशी कापडाच्या होळीचा प्रसंग आला तेव्हां शेजारच्या खुर्चीवरील एक प्रौढ गृहस्थ हलक्या आवाजांत म्हणाले, "आतां स्वदेशी माग पण थांबले." ज्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारांत ती होळी झाली तेथें आज कांचेचे मनोरे उभे आहेत.

'गांधी'नंतरच्या कामांपैकीं 'लेकिन' (१९९०) व 'लगान' (२००१) यांस राष्ट्रीय पारितोषिकें मिळालीं. 'लगान' केला तेव्हां भानुबाईंनीं सत्तरी ओलांडली होती. या चित्रपटावर आम्हीं वर्गांत एक प्रयोग केला. आवाज बंद करून क्रिकेट खेळणाऱ्या गांवकऱ्यांचें एक दृश्य दाखविलें आणि ज्यांनीं चित्रपट पाहिला नव्हता अशा मुलांस विचारलें, यांतील प्रत्येकाचा धंदा काय असावा? कुंभार, वैद्य, ज्योतिष सांगणारा, शीख शिपाई हे बहुतेकांनीं ओळखले. लोहार व लांकूडतोड्या यांत गोंधळ झाला. कचरा नांवाच्या अस्पृश्य तरुणाविषयीं एक मुलगी म्हणाली, "सर, याचे कपडे मळलेले नाहींत, दुसऱ्याचे वाटतात." तिचें म्हणणें बरोबर कीं चूक हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं. पण वेषभूषा वाचतां येते, हें तिला न शिकवितां समजलें होतें.

२०१० सालीं त्यांनीं आपल्या कामाविषयीं 'द आर्ट ऑफ कॉस्च्यूम डिझाइन' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि २०१२ सालीं आपली ऑस्कर बाहुली अमेरिकेंतील अॅकॅडमीकडे जपून ठेवण्यासाठीं परत पाठविली. आपल्यामागें ती येथें सुरक्षित राहील असा त्यांस भरंवसा नव्हता. रवींद्रनाथांचें नोबेल पदक २००४ सालीं शांतिनिकेतनांतून चोरीस गेलें, हें उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. तेव्हां पुष्कळांस हा देशाचा अपमान वाटला. आम्हांसहि प्रथम तसेंच वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. नंतर मनांत आलें कीं बाहुलीचें काय घेऊन बसलों. मायेचा गाऊन कोठें आहे? छोट्या बहूची साडी कोठें आहे? आपल्याकडे चित्रपट संपला कीं पोषाख भाड्यानें जातात, उसवून दुसऱ्यास बेततात, किंवा उंदीर खातात. कपडेपटाची ट्रंक अजून तीच आहे. त्यांतल्या वस्तु चित्रांसारख्या जपाव्या असें ज्यांस कधीं वाटलें नाहीं त्यांनीं बाहुलीसाठीं रोष धरण्याचें कारण काय?

१५ ऑक्टोबर २०२० रोजीं भानुबाई मुंबईंत वारल्या. महामारीचे दिवस होते. चंदनवाडींत अंत्यसंस्कार झाले. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांचीं चित्रें व रेखाटनें लिलावांत निघालीं, आणि संग्राहक मंडळींत एकाएकीं त्यांच्यातील चित्रकर्तीचा शोध लागला. जे. जे. च्या काळांतील तैलचित्रें आणि नट्यांसाठीं केलेलीं पोषाखांचीं रेखाटनें त्या यादींत एकत्र आलीं. आम्हीं तीं चित्रें छापील पानांवरच पाहिलीं आहेत. त्यांतील स्त्रियांचीं वस्त्रें दोनचार जाड रेषांत उरकलेलीं आहेत. पण खांद्यावरून कापड कोठें सुटतें आणि कोठें धरतें, ती जागा प्रत्येक वेळीं अचूक पकडलेली आहे.